नव्या बार अँड ग्रिलला टोळकं घेऊन जाताना

आधी फोन करा आणि एकच विचारा: किचन किती वाजता बंद होतं? बार उशिरापर्यंत चालतो, भट्टी नाही. एकदा आम्ही सहाजण ग्लास हातात घेऊन निवांत बसलो होतो, तेवढ्यात वेटर म्हणाला, "आता फक्त वेफर्स मिळतील." तेव्हापासून हे खातं माझ्याकडे.

टेबल स्पीकरपासून लांबचं मागा. सगळं एकदम मागवू नका, नव्या किचनचा हात अजून बसलेला नसतो. एक चिकन, एक भाजी, एवढंच आधी वाटून खा. चिकनचा सगळ्यात जाड तुकडा हाडाजवळ फोडून बघा. वरचे काळे पट्टे फसवतात; आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं हवं. मांस कच्चट, लिबलिबीत दिसलं तर सरळ परत पाठवा, भिडेखातर गिळू नका. (मी गिळलंय. दोन दिवस आडवा होतो.)

कोणी शाकाहारी असेल तर जाळी वेगळी आहे का, ते विचारा.

दारूचं आणि जेवणाचं बिल वेगळं हवं, हे ऑर्डर देतानाच सांगा. शेवटी सांगितलं की न पिणाराच भरडला जातो. आणि गाडी कोण चालवणार, ते पहिल्या ग्लासाआधी ठरवा.