विकी पानाचे पहिले संपादन : नाशिकच्या नवसंपादकांसाठी

विकीवरचे, म्हणजे वाचकांनाच लिहिता-सुधारता येणाऱ्या संकेतस्थळावरचे, पान दुरुस्त करायला बसलेला नवा माणूस बहुधा एकाच भीतीने अडतो : आपल्या हातून पान बिघडले तर? ही भीती अनाठायी आहे. विकीच्या प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. जतन झालेली प्रत्येक आवृत्ती, ती कोणी आणि केव्हा केली या नोंदीसह तेथे राहते आणि चुकलेला बदल उलटवून आधीचे पान काही क्षणांत परत आणता येते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली, तेव्हा ‘लवकर’ या अर्थाचा हवाई बेटांच्या भाषेतील शब्द तिच्या नावासाठी घेतला. पान झटपट सुधारता यावे, हाच त्यामागचा हेतू होता.

येथे मीडियाविकी हे सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवले आहे, कारण १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्यावरच चालतो. प्रथम खाते उघडून प्रवेश करावा, म्हणजे आपले बदल आपल्या नावावर नोंदले जातात. त्यानंतर थेट लेखाला हात न लावता ‘धूळपाटी’ या सरावाच्या पानावर जावे. धुळीवर अक्षर गिरवून पुसण्याच्या जुन्या रीतीची आठवण देणारे हे नाव मला अतिशय नेमके वाटते.

‘संपादन’ या दुव्यावर टिचकी मारली की पानाचा मूळ मजकूर चौकटीत उघडतो. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे दिली की तो ठळक होतो, '''रामकुंड''' असा; मथळ्यासाठी == इतिहास == असे लिहावे. एकच बरोबरचिन्ह वापरू नये, कारण ती पातळी पानाच्या शीर्षकाची आहे. नवा परिच्छेद हवा असल्यास मध्ये एक ओळ पूर्ण रिकामी सोडावी लागते. नुसते एन्टर दाबल्याने दोन ओळी एकमेकींना जोडूनच दिसतात. पंचवटीतील एका निवृत्त शिक्षिकांनी रामकुंडावर सुरेख परिच्छेद लिहिला, पण वहीतल्या सवयीने सुरुवातीला थोडी जागा सोडली आणि झलक पाहताच सारा मजकूर टंकलेखन यंत्रासारख्या अक्षरांत, वेगळ्या चौकटीत गेलेला दिसला. ओळीच्या आरंभी सोडलेली एक मोकळी जागासुद्धा विकीला ‘हा मजकूर आहे तसाच दाखव’ असे सांगते. ती जागा खोडताच परिच्छेद नीट झाला.

दुवे देताना मराठी लिहिणाऱ्याला विशेष काळजी घ्यावी लागते. दुहेरी चौकटी कंसात पानाचे नाव घातले की दुवा तयार होतो, परंतु आपल्या भाषेत नामाला प्रत्यय लागताना त्याचे रूपच बदलते, आणि ‘काळाराम मंदिराच्या’ या नावाचे पान कोठेच नसल्यामुळे तसा दुवा लाल, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या पानाचा, दिसतो. अशा वेळी उभी रेघ वापरावी : [[काळाराम मंदिर|काळाराम मंदिराच्या]]. रेघेच्या डावीकडे पानाचे खरे नाव आणि उजवीकडे वाक्यात शोभणारे रूप. [[गोदावरी नदी|गोदावरीकाठी]] हेही त्याच रीतीचे. ही एक गोष्ट हाताला बसली की मराठी वाक्य मोडण्याची वेळ येत नाही.

मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहावा. वर्तमानपत्रातील वा स्मरणिकेतील परिच्छेद उचलून चिकटवणे हा प्रताधिकाराचा भंग आहे. जुन्या स्मरणिका बहुधा युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची समान संकेतपद्धती, नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या असतात, त्यामुळे त्यांतील अवतरणदेखील चिकटवल्यास अगम्य चिन्हेच उमटतात. ते नव्याने टंकित करावे. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, असे वाक्य लिहिल्यावर त्यालगतच ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठ क्रमांक संदर्भ म्हणून जोडावा. पृष्ठ क्रमांकाचा आग्रह मी धरतो, कारण वाचनालयात जाऊन पडताळणाऱ्याचा वेळ त्याने खरोखर वाचतो.

आता ‘झलक पहा’ दाबून पान शांतपणे वाचावे. झलक म्हणजे जतन नव्हे. ‘बदल प्रकाशित करा’ दाबल्याशिवाय काहीही राहत नाही. त्याआधी सारांशाच्या रकान्यात ‘सत्याग्रहाची तारीख दुरुस्त केली, संदर्भ जोडला’ असे नेमके लिहावे. त्याच वेळी दुसऱ्या कोणी पान बदलले असेल, तर विकी तसे कळवते. त्यांचा मजकूर तसाच ठेवून आपला बदल त्यात मिळवावा.

मतभेद झाल्यास लेखात पुनःपुन्हा फेरफार न करता ‘चर्चा’ पानावर लिहावे आणि शेवटी ~~~~ ही चार चिन्हे द्यावीत, म्हणजे आपले नाव व वेळ आपोआप उमटते. ‘नाशिक’ की ‘नासिक’ हा वाद तेथे उद्भवला, तर दोन वेगळे लेख करू नयेत. एका नावाखाली लेख ठेवावा आणि दुसऱ्या नावाच्या पानावर एवढीच ओळ लिहावी : #पुनर्निर्देशन [[नाशिक]]. मग वाचकाने कोणतेही रूप शोधले, तरी तो त्याच लेखावर पोहोचतो.