सबडोमेन: वाचायचं उजवीकडून, काढायचं गरजेपुरतं

सांगलीत हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना वेबसाइट करून देणं हे माझं काम. ‘सबडोमेनचे वेगळे पैसे पडतात का?’ हे मला सारखं विचारलं जातं. डोमेन, म्हणजे साइटचा मुख्य पत्ता, एकदा तुमच्या नावावर झालं की त्याच्या डावीकडे हवं ते नाव जोडा. तेच सबडोमेन, त्याची वेगळी नोंदणी फी नसते.

आधी पत्ता वाचायला शिका. सातबाऱ्यासाठी ‘डिजिटलसातबारा.महाभूमी.गव्ह.इन’ उघडता, तो उजवीकडून वाचा. ‘गव्ह.इन’ फक्त सरकारी यंत्रणांना मिळतं, त्यावर ‘महाभूमी’ हे डोमेन आणि ‘डिजिटलसातबारा’ हे सबडोमेन. ‘भूलेख’ हे त्याच महाभूमीचं दुसरं. विकिपीडिया तर भाषेगणिक सबडोमेन ठेवतो, मराठीचं ‘एमआर’.

आता व्हॉट्सॲपवर ‘महाभूमी.गव्ह.इन.अमुकतमुक.कॉम’ अशी लिंक आली, तर तिचा मालक सरकार नव्हे, ‘अमुकतमुक’! डावीकडे काहीही लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे, तेच बघायचं. घरातल्या मोठ्यांना हे बसवून शिकवा, पैसे जातात ते इथंच.

स्वतःचं सबडोमेन काढायचं तर डोमेन घेतलं तिथल्या डीएनएस पानावर (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं याची नोंदवही) नवा रेकॉर्ड जोडा. सर्व्हरचा, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकाचा, आयपी (आकडी पत्ता) हाताशी असेल तर तो ‘ए’ रेकॉर्डमध्ये, दुकान दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर असेल तर तिनं दिलेलं नाव ‘सीनेम’ रेकॉर्डमध्ये टाका. नावाच्या रकान्यात नुसतं ‘हळद’ लिहा. पूर्ण पत्ता लिहिलात तर बऱ्याच पॅनलमध्ये डोमेन मागं पुन्हा चिकटतं आणि पान उघडतच नाही. टीटीएल म्हणजे रेकॉर्डची प्रत किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा, 3600 म्हणजे एक तास. जुना रेकॉर्ड बदलला असेल तर तेवढा वेळ जुनंच पान दिसू शकतं, घाबरू नका. सर्व्हरलाही नवं नाव सांगावं लागतं, आणि एसएसएल प्रमाणपत्रात (त्यामुळेच पत्ता ‘एचटीटीपीएस’नं उघडतो) ते आहे का हे बघा. वाइल्डकार्ड, म्हणजे अनेक सबडोमेनना मिळून एकच असलेलं, प्रमाणपत्र एकाच पातळीला चालतं: ‘हळद’ला चालेल, ‘भाव.हळद’ला नाही.

माझं मत विचाराल तर हळदीचं एक पान आणि बेदाण्याचं एक पान, एवढ्यासाठी सबडोमेन काढू नका, साधी पानंच बरी. ऑर्डर घेणारं सॉफ्टवेअर वेगळ्या सर्व्हरवर असेल, तेव्हा जरूर काढा. आणि ती सेवा बंद केलीत की त्याच दिवशी तिचा सीनेम काढून टाका. तो तसाच राहिला, तर त्या सेवेवरची मोकळी झालेली जागा दुसरा कुणी घेऊन तुमच्याच नावाखाली दुकान मांडू शकतो.