सिरॅमिक कोटिंगवरचे पांढरे डाग असे घालवले

सांगलीकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. धुतलेली गाडी उन्हात तशीच वाळली की बॉनेटवर पांढरी कडी उठतात. सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर चढवलेला संरक्षक थर; त्यावर थेंब गोल होऊन जागीच सुकतो आणि त्यातला चुना तिथेच चिकटतो. शॅम्पू त्याला हलवत नाही, त्याला आम्लच लागतं.

गाडी सावलीत घेतली, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबलो. धूळ धुऊन काढली. पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून आधी कोपऱ्यात लावून पाहिलं. मग मायक्रोफायबर त्यात भिजवून डागावर मिनिटभर नुसतं ठेवलं. घासायचं नाही, सुकू तर अजिबात द्यायचं नाही. लगेच भरपूर पाणी, शॅम्पू, कोरडा टॉवेल. एका वेळी हातभर जागा. हट्टी डागांना दुसरा हात दिला.

नंतर बोट फिरवून पाहा. खरखरीत लागलं तर चुना अजून वर आहे. गुळगुळीत असून कडं दिसतंय, तर डाग कोटिंगमध्ये उतरलाय. तिथे फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम पॅडच. पण तेवढ्या जागेचं कोटिंग निघतं, ते पुन्हा लावावं लागतं.

आरओच्या टाकाऊ पाण्याने गाडी धुऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.