दहा बाय दहाच्या खोलीत ऑफिस पण आणि वॉरहॅमर पण

पुण्या-मुंबईतल्या टूबीएचकेमधली दुसरी बेडरूम म्हणजे साधारण दहा बाय दहा, त्यात एक भिंत कपाटानं खाल्लेली, आणि आता वर्क फ्रॉम होममुळे तिथंच टेबल, मॉनिटर, खुर्ची. मग वॉरगेमिंगवाला माणूस, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या मूर्ती (मिनिएचर्स) मांडून वॉरहॅमरसारख्या लढाया खेळणारा, हमखास म्हणतो की मोठं टेबल घेतो, त्यावरच काम करतो आणि त्यावरच खेळतो. हे करू नका. मोठ्या टेबलावर आठ दिवसांत एका बाजूला बिलं, चार्जर, पाण्याची बाटली आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट रंगवलेले ऑर्क्स, आणि गेम काही होत नाही. ऑफिसचं टेबल कायमचं आणि रणांगण तात्पुरतं, वरून ठेवायचं आणि काढून टाकायचं, एवढं एकदा मान्य केलं की बाकी सगळं सुताराला इंचात सांगता येतं.

आधी माप. वॉरहॅमर ४०के जुन्या काळी सहा बाय चार फुटांवर चालायचा, २०२० च्या नियमांच्या नवव्या एडिशनपासून २००० पॉइंट्सच्या, म्हणजे मोठ्या सैन्याच्या, गेमला कमीत कमी ४४ बाय ६० इंच सांगितलंय. त्यातला छोटा गेम कॉम्बॅट पॅट्रोल, त्याला बरोब्बर निम्मं, ४४ बाय ३०. किल टीम आणि वॉरहॅमरच्याच एज ऑफ सिग्मारचं स्पिअरहेड हे अजून छोटे गेम, त्यांना त्याच्याही निम्मं, साधारण ३० बाय २२. म्हणजे बोर्ड एकच अख्खा करायचाच नाही, ४४ बाय ३० चे दोन तुकडे करायचे. दोन्ही जोडले की मोठा गेम, एकच घेतला की कॉम्बॅट पॅट्रोल, आणि त्यावर किल टीम तर आरामात. ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्यांचं तर अजून सोपं, १५ एमएम उंचीच्या सैनिकांत डीबीए (प्राचीन लढायांचा झटपट गेम) दोन बाय दोन फुटांत उरकतो.

प्लायचा शीट आठ बाय चार फुटांचा येतो. दुकानातच कापून घ्या, ४४ इंच रुंदीत आणि ३० लांबीत असे दोन तुकडे निघाले की वर तीन बाय चार फुटांचा तुकडा उरतो, तो टाकू नका, पुढे लागणारे. १२ एमएम प्लाय पुरे, १८ चा घेतला तर उचलताना कंबर धरते आणि फायदा काही नाही. एमडीएफ स्वस्त पडतो पण पावसाळ्यात कडेनं फुगतो आणि मग दोन तुकडे नीट जुळत नाहीत. खालून प्रत्येक तुकड्याला दोन लाकडी पट्ट्या मारा म्हणजे झोल येणार नाही, बाहेरच्या कडेला अर्धा इंच वर येणारी पट्टी मारा म्हणजे डाइस खाली पडून कपाटाखाली जाणार नाहीत, आणि जिथं दोन तुकडे जुळतात तिथं खालून जुन्या पत्र्याच्या ट्रंकेला असतात तसल्या दोन कड्या. जोडावर काही दिसणारच असेल तर वर निओप्रीनची मॅट टाकली की झाकलं जातं.

आता खरी गंमत उंचीत आहे. ऑफिसचं टेबल २९ इंच ठीक असतं, पण गेम उभं राहून खेळतात आणि २९ इंचावर तीन तास वाकून टेपनं अंतरं मोजत बसलात तर दुसऱ्या दिवशी स्टँडअप मीटिंग बसूनच करावी लागेल. साधारण ३५-३६ इंच पाहिजे, किचनच्या ओट्यापेक्षा जरासं वरच. म्हणून असं करा: ऑफिस टेबल ५ फूट बाय २ फूट, त्यावर ६ इंच उंचीचे लाकडी ठोकळे, दोन मागे दोन पुढे असे प्रत्येक तुकड्याला चार, खाली रबर चिकटवलेले. बोर्ड ४४ इंच खोल आणि टेबल २४, म्हणजे २० इंच पुढे लोंबणार, तिथं आधार पाहिजेच. त्यासाठी दोन अरुंद रॅक बनवून घ्या, बरोब्बर ३५ इंच उंच, ब्रेकवाली चाकं लावून. एकात रंग, ब्रश, कटर, दुसऱ्यात प्रिंटर आणि ऑफिसच्या फायली. एरवी ते भिंतीला लागून उभे, खेळायच्या दिवशी ओढून पुढे आणायचे, चाकं लॉक, वर बोर्ड. ६ इंचाच्या फटीत लॅपटॉप, कीबोर्ड, माउस जसेच्या तसे राहतात, काही उचलावं लागत नाही. गेम अर्धवट राहिला आणि सोमवार उजाडला तर हात घालून लॅपटॉप काढायचा आणि डायनिंग टेबलवर जायचं, घरचे काय म्हणतात ते तुमचं तुम्ही बघा. आणि लहान गेम असेल तर एवढा कुटाणा पण नको, एक तुकडा ४४ ची बाजू आडवी करून थेट टेबलावर ठेवा, पुढे फक्त ६ इंच बाहेर येतो.

हे सगळं जमायला मॉनिटर टेबलावर असता कामा नये. भिंतीवरच्या हलत्या आर्मवर लावा, खेळताना भिंतीला चपटा करून टाकायचा. विटांची भिंत असेल तर साधं ड्रिल चालतं, नव्या टॉवर्समध्ये काँक्रीटच्या भिंती असतात तिथं हॅमर ड्रिलवालाच बोलवा, आणि जिप्समच्या पार्टिशनवर तर लावूच नका. एक्स्टेन्शन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूनं मारा आणि त्याची एकच लांब वायर भिंतीत जाऊ दे, कारण टेबल पुढे ओढावं लागतं. का ओढायचं तर ४४ इंच पलीकडे कुणाचा हात पोचत नाही, मागच्या खेळाडूला उभं राहायला जागा लागते. दहा फुटांचा हिशोब असा बसतो: भिंतीपासून २० इंच, मग ४४ बोर्ड, मग ३२ इंच पुढच्या माणसाला, आणि २४ इंच कपाट. झाले १२०. मागे २० इंचात जरा अंग चोरून उभं राहावं लागतं, तेव्हा बारीक मित्राला तिकडं पाठवा. कपाटातलं जे लागणार ते आधीच काढून ठेवा, नंतर दार पूर्ण उघडून आत-बाहेर करायला मजा येत नाही.

रंगकामाला मात्र वेगळा नियम. अर्धवट रंगवलेलं काहीही न आवरता उचलता आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही रंगवणारच नाही. तो जो तीन बाय चार फुटांचा प्लाय उरला होता त्यातून दीड बाय एक फुटाचा कडेवाला ट्रे करून घ्या, त्यावरच पॅलेट, पाण्याचा डबा, मिनिएचर्स. मीटिंगची रिंग आली की ट्रे उचलून रॅकवर. पाण्याचा डबा जड बुडाचा घ्या आणि लॅपटॉप ज्या टेबलावर आहे त्याच टेबलावर ट्रेबाहेर कधी ठेवू नका, एवढंच. दिवा ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला, नाहीतर रात्री रंगवलेला लाल सकाळी वेगळाच दिसतो.

स्प्रे प्रायमर जून ते सप्टेंबर विसरा. दमट हवेत तो खरखरीत बसतो, चांगली मिनिएचर वाळू लावल्यासारखी दिसते, त्यापेक्षा त्या चार महिन्यांत ब्रशनं लावायचा प्रायमर वापरा. थर्माकोलच्या टेकड्या केल्या असतील तर त्यावर स्प्रे अजिबात नको, सॉल्व्हंट थर्माकोल खातो, आधी फेव्हिकॉलचा जाड थर देऊन वाळवा आणि मग ब्रशनं अॅक्रिलिक. मिनिएचर्स छापायचा रेझिनचा थ्रीडी प्रिंटर या खोलीत ठेवायचा विचार असेल तर माझं स्पष्ट मत नाही असं आहे. जिथं तुम्ही आठ-नऊ तास दार लावून एसीत बसता तिथं त्या वाफा नकोत, कच्चं रेझिन हाताला लागता कामा नये, आणि प्रिंट धुतलेलं आयपीए (अल्कोहोल) सिंकमध्ये ओतायचं नसतं. बंदिस्त बाल्कनी असेल तर तिकडं, नसेल तर प्रिंट बाहेरून करून घ्या.

सैन्य ठेवायला फोमच्या बॅगांपेक्षा लोहचुंबक बेस्ट. प्रत्येक मिनिएचरच्या बेसच्या खाली ५ बाय १ एमएमचा निओडिमियम मॅग्नेट, आणि प्लास्टिकच्या उंच डब्यात तळाला जीआय पत्रा चिकटवायचा. स्टीलचा डबा किंवा ताट घरातलंच वापरू असं वाटतं खरं, पण भांड्यांच्या बऱ्याच स्टीलला मॅग्नेट धरत नाही, आधी लावून बघा. इमारती आणि झाडं माळ्यावर. मॅट गुंडाळून, घडी घालायची नाही. बोर्डाचे तुकडे कपाटाच्या बाजूच्या फटीत सरळ उभे, तिरके टेकवून ठेवले तर वर्षभरात वाकतात.

काचेचं शोकेस करायचं असेल तर ते तुमच्या समोर, कॅमेऱ्याच्या मागे. पाठीमागे ठेवलंत तर क्लायंट कॉलवर केऑसचे राक्षस तुमच्या खांद्यावरून डोकावतात, काही मॅनेजरना आवडतं पण सगळ्यांना नाही. ऊन थेट येईल अशा जागी रेझिनच्या मूर्ती ठेवू नका, ठिसूळ होतात. काच पाहिजेच, आजूबाजूला बिल्डिंगचं काम चालू असेल तर चार दिवसांत धुळीचा थर बसतो.

आणि रात्री खेळणार असाल तर डाइस ट्रेला आतून फेल्ट लावा, उघड्या प्लायवर वीस-वीस डाइस पडतात तेव्हा खालच्या मजल्यावर सगळं ऐकू जातं. बसायला दोन फोल्डिंग स्टूल पुरेत, ऑफिसची खुर्ची आधी खोलीबाहेर काढा, तिची चाकं सगळ्यांच्या पायात येतात.