एकरी उतारा वाढला, पण शेती टिकेल का? मराठवाड्यात मोजणी शिकणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात लहान शेतकऱ्याच्या शेतीचा अभ्यास करायला येणारा नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "एकरी किती झालं?" उताऱ्याचा आकडा हवाच, पण तो अर्धाच हिशेब आहे. तेवढ्या रानातून जास्त काढताना विहीर, माती, घरची माणसं आणि खिसा यांवर किती भार पडला, ही मोजणीची दुसरी बाजू. पन्नास निर्देशकांची, म्हणजे मोजायच्या बाबींची, यादी हाती घेऊन गावात जाऊ नका. सात-आठच निवडा, पण ते त्याच रानात निदान तीन हंगाम मोजा. इथला एका वर्षाचा आकडा बहुतेक त्या वर्षीच्या पावसाचा असतो, पद्धतीचा नसतो. पावसासाठी महसूल मंडळाच्या केंद्रावरच विसंबू नका. एका शिवारात धो-धो आणि शेजारच्या शिवारात कोरडं, हे इथं नेहमीचं आहे. गावात साधं पर्जन्यमापक बसवा.

उतारा सांगोवांगी घेऊ नका. 'कट्टा' आणि 'पोतं' ही मापं घरोघर बदलतात, म्हणून काटा सोबत ठेवा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि पेरलेलं क्षेत्र वेगळं असतं. पोटखराबा, बांध, गोठा वजा करा. अर्ध्या एकराच्या तुकड्यावर मोबाइलचा जीपीएस काही मीटर चुकला तरी उतारा बराच हलतो, तिथं टेपच लावा.

सोयाबीन-तुरीच्या आंतरपिकात नमुना चौकट, म्हणजे उतारा मोजायला आखलेला रानाचा तुकडा, चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर आणि ओळींत 45 सेंमी अंतर असेल, तर एक पूर्ण पट्टा 2.7 मीटरचा होतो. चौकटीची रुंदी त्याच पटीत घ्या, उदा. 5.4 बाय 10 मीटर, म्हणजे 54 चौरस मीटर. सरसकट 5 मीटर घेतलंत तर एका पिकाच्या ओळी जास्त येतात आणि आकडा फुगतो. या चौकटीत 12 किलो सोयाबीन निघालं तर एकरी सुमारे 9 क्विंटल. ओलावा 18 टक्के असेल तर तो 12 टक्क्यांवर आणायला 82 भागिले 88 ने गुणा. 9 चे 8.4 होतात. तूर दोन-तीन महिन्यांनी निघते, तोवर चौकटीच्या खुंट्या जनावरांनी किंवा कोळप्यानं उखडलेल्या असतात. म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांचं बांधापासूनचं अंतर वहीत लिहून ठेवा.

मग दोन्ही पिकांची तुलना सलग, म्हणजे एकट्यानं घेतलेल्या, पिकाशी करा. समजा सलग सोयाबीन 10 आणि सलग तूर 6 क्विंटल, तर आंतरपिकात 7.5 आणि 3. म्हणजे 0.75 अधिक 0.5, एकूण 1.25. तेवढंच पीक सलग घ्यायला सव्वा एकर लागलं असतं. सलग पिकाचं रान मात्र त्याच मातीचं आणि तेवढ्याच खताचं हवं. हलक्या रानातल्या सलग पिकाशी तुलना केली तर आंतरपीक फुकट जिंकतं.

पाण्यासाठी 200 लिटरचा ड्रम भरायला लागणारे सेकंद मोजा. 40 सेकंद लागले तर तासाला 18,000 लिटर. आठ तासांत 1,44,000 लिटर. एका एकरावर ते सुमारे 36 मिमी होतात. मोटारीचे तास वीजबिलावरून काढू नका, अश्वशक्तीवर आकारलेल्या बिलातून काहीच कळत नाही. तास नोंदवायची वही मोटारीच्या पेटीतच ठेवा. विहिरीची पातळी मेअखेर आणि ऑक्टोबरात, मोटार चालू होण्याआधी सकाळी, कठड्यावरच्या एकाच खुणेपासून घ्या.

इथं एक मोठा सापळा आहे. ठिबक बसवलं की एकरी पाणी कमी होतं, अहवालात ते यश दिसतं. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी अर्धा एकर ऊस किंवा मोसंबी वाढवतो आणि विहिरीतून एकूण उपसा पूर्वीइतकाच किंवा जास्त होतो. म्हणून एकरी पाणी आणि एकूण उपसा दोन्ही लिहा. आमच्या मते एकूण उपसा नसलेला पाण्याचा हिशेब मराठवाड्यात ग्राह्य धरूच नये.

मातीचा नमुना दरवर्षी मे महिन्यात, शेणखत टाकण्याआधी, आठ-दहा ठिकाणांहून 15 सेंमी खोलीपर्यंत घ्या. बांध, झाड आणि उकिरड्याजवळची जागा टाळा. आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर असते. प्रयोगशाळेनं माती जाळून एकूण कर्ब (कार्बन) काढला तर चुन्यातला कर्बही त्यात मोजला जातो आणि रान उगाच सुपीक दिसतं. अहवालावर 'सेंद्रिय कर्ब' (कुजलेल्या पाल्यातून, शेणखतातून आलेला) आहे की 'एकूण', हे विचारून घ्या. तीन वर्षांत सेंद्रिय कर्ब फार हलत नाही. तेवढ्यात मोठी वाढ दिसली तर आधी नमुन्याची खोली तपासा.

खर्चात घरच्यांची मजुरी धरा, नाहीतर प्रत्येक पद्धत नफ्याची दिसते. खुरपणीचे तास पुरुषाला विचारू नका, खुरपणाऱ्या बाईलाच, शक्यतो वेगळं बसवून, विचारा. तणनाशकानं खर्च उतरला तर गावातल्या भूमिहीन बायांचे किती रोज बुडाले, हेही लिहा. रान बटईनं, म्हणजे वाट्यानं, असेल तर नफा कुणाचा आणि खर्च कुणाचा, हे आधी ठरवून घ्या.

सगळ्या निर्देशकांची सरासरी काढून एकच गुण देऊ नका. चांगला नफा खचलेल्या विहिरीला झाकून टाकतो. आकडे शेजारी-शेजारी मांडा आणि तो कागद पाडव्याच्या आधी शेतकऱ्याच्या घरी पोचवा, कारण सालगडी आणि बटईचे करार तेव्हाच ठरतात.