महाविद्यालयीन व्हॉलीबॉल प्रशिक्षक व्हायचे असेल तर

नाशिकमध्ये महाविद्यालयाच्या व्हॉलीबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक व्हायचे असेल, तर कायम नोकरीचा मार्ग बहुधा शारीरिक शिक्षण संचालकपदातून जातो, हे आधी ध्यानात घ्यावे. त्यासाठी साधारणतः ५५ टक्के गुणांसह एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका जोडल्यास तांत्रिक पाया पक्का होतो. निवड चाचणीत नुसत्या उंचीला भुलू नये (ही चूक मीही केली आहे). जाळी मुलींसाठी २.२४ आणि मुलांसाठी २.४३ मीटरवर बांधून प्रत्येकाला ५० सर्व्हिस उचलायला लावाव्यात आणि त्यांतले किती चेंडू सेटरच्या (हल्ल्यासाठी चेंडू उंचावून देणाऱ्या खेळाडूच्या) हातात अलगद पोहोचले, हे वहीत टिपावे. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, म्हणून सभागृहाची वेळ प्राचार्यांकडून जूनपूर्वीच लेखी घ्यावी.