मेडिकल कोडिंगचा ऑनलाइन कोर्स अर्ध्यावर सुटू नये म्हणून

मेडिकल कोडिंग म्हणजे पेशंटच्या आजारांना आणि उपचारांना ठरलेले कोड देणं. कोर्समध्ये ॲनाटॉमी (शरीररचना) आणि टर्मिनॉलॉजी (वैद्यकीय शब्द) संपून आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजारांच्या कोडची यादी, सुरू झाली की बऱ्याच जणांचा हुरूप ओसरतो. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण केस, म्हणजे पेशंटची नोंद, समोर आली की कोड सापडत नाही. मग आणखी व्हिडिओ बघितले जातात आणि कंटाळा वाढतो. इथे व्हिडिओ कमी करून कोडिंग वाढवा. स्वतः केस सोडवता आली की दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटतं.

रोज एक तास मिळत असेल तर २० मिनिटं व्हिडिओ आणि ४० मिनिटं पुस्तक उघडून चार-पाच केसेस. आधी इंडेक्स (आजारांची अकारविल्हे सूची), मग टॅब्युलर लिस्ट (कोडच्या क्रमाने पूर्ण यादी), तिथल्या एक्स्क्लूड्सच्या, म्हणजे या कोडमध्ये काय धरायचं नाही त्याच्या सूचना, आणि शेवटी कोड. नुसत्या इंडेक्सवरून कोड लिहायची सवय लागली की फ्रॅक्चरच्या कोडमधलं सातवं कॅरॅक्टर (सातव्या जागेवरचं अक्षर) हमखास राहतं.

चुकांची वही ठेवाच. उत्तर चुकलं एवढंच लिहून उपयोग नाही, कोणता नियम निसटला ते लिहा. उदाहरणार्थ, पेशंटला टाइप २ डायबिटीस, हायपरटेन्शन आणि स्टेज ३ सीकेडी (किडनीचा जुनाट आजार). नवशिके तिन्ही आजार सुटे धरून ई११.९, आय१०, एन१८.३० लिहितात. बरोबर कोड आहेत ई११.२२, आय१२.९ आणि एन१८.३०. डॉक्टरांनी वेगळं कारण नोंदवलेलं नसेल तर या दोन्ही आजारांचा सीकेडीशी संबंध कोडिंगची गाइडलाइन गृहीत धरते. तसंच, ओपीडीच्या नोंदीत 'प्रॉबेबल' किंवा 'रूल आउट' असेल तर तो आजार कोड करायचा नाही, लक्षण कोड करायचं. अशा पाच-सहा नियमांवरच पुन्हापुन्हा पाय घसरतो, हे वहीत दिसलं की अभ्यासाचा डोंगर एकदम लहान वाटतो.

परीक्षेची तारीख लवकर ठरवा. आयसीडी दर १ ऑक्टोबरला बदलतं, सीपीटी (उपचार आणि प्रोसिजरच्या कोडची यादी) १ जानेवारीला. रेंगाळलात तर नवी पुस्तकं घ्यावी लागतात, आणि ती स्वस्त नसतात. एएपीसी या अमेरिकन संस्थेच्या सीपीसी या कोडर-परीक्षेला १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. म्हणजे एका प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद. कोडची पुस्तकं जवळ ठेवता येतात, म्हणून पाठांतरात जीव घालवू नका. पान पटकन सापडायला हवं. रविवारी घड्याळ लावून एका तासात २५ प्रश्न सोडवा. अडला की खूण करून पुढे जा.

अनुभव नसेल तर पास झाल्यावर सीपीसी-ए (ए म्हणजे ॲप्रेंटिस, शिकाऊ) मिळतं, हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे नंतर हिरमोड होत नाही.

सणवार, आजारपण यांत आठवडा बुडाला तर राहिलेले व्हिडिओ भरून काढत बसू नका. वहीतल्या तीन चुकलेल्या केसेस पुन्हा कोड करा आणि तिथूनच पुढे चला.